मंत्रिमहोदय, मास्क परत न्या आणि टाकीचा काठ बघा

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई.

विषय : क्रोम प्लेटिंगच्या गाळ्यांत वाटलेले कापडी मास्क परत घेऊन जाण्याबाबत.

महोदय, स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर साकीनाक्याला झालेल्या बैठकीत आपल्या एका अधिकाऱ्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता, दिवाळीच्या आत प्रत्येक क्रोमच्या टाकीवरचा धूर ओढणारा एक्झॉस्ट तपासला जाईल. दिवाळी गेली, होळीही गेली. तपासायला कुणी आलं नाही, आला तो एक खोका. आत कापडी मास्क आणि इंग्रजीत छापलेलं पोस्टर. त्याबद्दल आभारी आहोत. मास्क घाम पुसायला बरे पडतात.

आता जरा टाकीजवळ या, कागदावर का होईना. नळांसारख्या मालावर चकाकता क्रोम चढवायच्या टाकीत एका लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि अडीच ग्रॅम सल्फ्युरिक असतं. ५०० लिटरची लहानशी टाकी धरली तरी सव्वाशे किलो क्रोमिक झालं. पाणी ४५ अंशांच्या आसपास गरम. टाकीला वीज देणारा रेक्टिफायर चालू केला की विजेतला जेमतेम दहा ते वीस टक्के भाग मालावर क्रोम चढवतो. उरलेल्या विजेचे बुडबुडे होतात, मालाकडे हायड्रोजनचे, शिशाच्या ॲनोडकडे ऑक्सिजनचे. बुडबुडा वर येऊन फुटतो आणि फुटताना टाकीतलंच पाणी तुषार होऊन उडतं. आम्ही त्याला ‘धूर’ म्हणतो, पण तो धूर नाही, ते हवेत तरंगणारं ॲसिड आहे.

किती तरंगलं म्हणजे जास्त? १९४८ च्या कारखाने कायद्याने मर्यादा घातली होती, एक घनमीटर हवेत क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम. दहा बाय वीसचा, दहा फूट उंचीचा गाळा घ्या. आत ५७ घनमीटरच्या आसपास हवा मावते. म्हणजे अख्ख्या गाळ्याच्या हवेत पावणेतीन-तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम नको. टाकीच्या एका थेंबात साडेसहा मिलिग्रॅम असतं. साहेब, अर्धा थेंब! अर्धा थेंब हवेत गेला की कायदा मोडला. टाकी आठ-आठ तास उकळल्यासारखी फसफसत असते, आणि त्यावर उपाय म्हणून आपण कापड पाठवलंत. तुषार कापडात मुरतो, कापड ओलं होतं आणि ते ॲसिड दिवसभर नाकाला चिकटून राहतं. मास्क नसता तर बरं झालं असतं, अशी ही मदत.

धूर नाकावर धरायचा नसतो, टाकीच्या काठावर धरायचा असतो. टाकीच्या लांब कडेला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, चिरेसारखं तोंड असलेला डक्ट, म्हणजे हवा ओढून नेणारा पाइप लागतो. टाकी दोन फुटांहून रुंद असेल तर दोन्ही कडांना. डक्ट पीव्हीसीचा हवा, पत्र्याचा हे ॲसिड खाऊन टाकतं. बाहेर सोडण्याआधी ती हवा पाण्याच्या फवाऱ्यातून, म्हणजे स्क्रबरमधून न्यायची. पाण्यावर प्लास्टिकचे पोकळ गोळे सोडले तर तुषार बराच कमी होतो, खर्चही फार नाही. उलट बहुतेक गाळ्यांत दिसतो तो छताजवळचा पंखा. तो धूर ओढतो खरा, पण टाकीवर वाकलेल्या माणसाच्या तोंडावरून ओढतो! त्यात उन्हाळ्यात कुणी स्टँडवरचा पंखा लावला की काठावरचा चांगला एक्झॉस्टही बाद. हे शोधायला इंजिनिअर लागत नाही. रेक्टिफायर बंद ठेवून अगरबत्ती पेटवा आणि टाकीच्या मध्यावर धरा. धुराची रेघ काठाच्या चिरेकडे वळली तर एक्झॉस्ट जिवंत, सरळ वर गेली तर मेलेला. आपल्या खात्याला वर्षभरात एक अगरबत्ती परवडली नाही.

मग होतं काय? बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला खोल, गोल व्रण पडतात, दुखत फारसे नाहीत म्हणून अंगावर काढले जातात. त्याच बोटांनी नाक खाजवलं की आतल्या पडद्यावर खपली धरते, रक्त येतं, आणि एक दिवस श्वास घेताना शिट्टी वाजते. पडद्याला भोक पडलेलं असतं. वर्षानुवर्षं हा तुषार छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सहा संयुजेच्या क्रोमियमला, म्हणजे या ॲसिडातल्याच क्रोमियमला, १९९० मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्यांत टाकलं. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय क्रोमिक वापरता येत नाही. आपल्याकडे ते गोणीतून हातगाडीवर येतं.

गोणीवरून आठवलं. क्रोमिकच्या त्या लाल कपच्या सांडल्या की पोरं सवयीने भुसा टाकतात किंवा चिंधीने पुसतात. क्रोमिक भुशाला, चिंधीला, थिनरला, स्पिरिटला आग लावू शकतं. सांडलेलं प्लास्टिकच्या फावड्याने उचलायचं, उरलेलं भरपूर पाण्याने धुवायचं आणि ते पाणी गटारात नाही, प्रक्रियेच्या टाकीत न्यायचं. कपच्या पाण्यात टाकायच्या, कपच्यांवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे पीव्हीसीचे, कोपरापर्यंतचे. अंगावर उडालं तर कपडे काढून निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली. गाळ्यात पाणी सकाळी तासभर येतं, त्यानंतर कुणाच्या अंगावर उडालं तर काय करायचं तेही पोस्टरवर छापा.

आणि माल धुतलेलं ते पिवळं पाणी? त्याचं हिरवं करता येतं. पीएच अडीचवर आणायचा, क्रोमियमच्या तिप्पट वजनाने सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, अर्धा तास ढवळायचं. पिवळा रंग पुरता गेला की मगच चुन्याने पीएच साडेआठपर्यंत न्यायचा, गाळ बसवायचा आणि तो तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायचा. घाईत आधी चुना टाकला तर विषारी क्रोम पाण्यातच विरघळलेलं राहतं, वरून पाणी नितळ दिसतं. सायनाइडच्या टाकीचं धुवण या ॲसिडात मिसळलं तर प्राणघातक वायू निघतो, म्हणून दोन्ही नाल्या वेगळ्या लागतात. प्लेटिंगच्या सांडपाण्यात या विषारी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे मालावरून ठिबकणाऱ्या एका थेंबाला ६५ लिटर पाणी. २००५ च्या पुरानंतर मिठी नदीच्या नावाने गाळ काढणं चालूच आहे. गाळ तिथे येतो कुठून, हे विचारायला कुणी गाळ्यात येत नाही.

क्रोमचे व्रण जुन्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. डॉक्टरला दिसले तर मुख्य निरीक्षकांना कळवणं बंधनकारक होतं. पण कळवणार कसं? आम्ही कारखान्यातच मोडत नाही. जुन्या कायद्यात वीज वापरत असाल तर दहा माणसांवर कारखाना व्हायचा, नव्या कामगार संहितेने तो आकडा वीसवर नेला. एका गाळ्यात सहा-सात माणसं. दार एक, मालक एक, पण नावं तीन पाट्यांवर वाटलेली. कायदा डोकी मोजतो, ॲसिड मोजत नाही. सव्वाशे किलो क्रोमिकवर सात माणसं उभी असली तर ती सुरक्षित, आणि बिस्किटांच्या पॅकिंगला एकवीस बायका असल्या तर तो कारखाना! नियम करणाऱ्यांच्या बाथरूममधले नळ कोण चकाकवतं, याची तरी मोजणी एकदा व्हावी.

आम्हाला गाळे बंद करून नको आहेत. बंद केलेत तर टाक्या रातोरात वसई-भिवंडीला जातील आणि नाकं तीच राहतील. माणसं कितीही असोत, टाकीत क्रोमिक असेल तर काठावरचा एक्झॉस्ट सक्तीचा करा, त्यासाठी लहान मालकाला कर्ज द्या, आणि दर तीन महिन्यांनी हात आणि नाक बघणारा डॉक्टर पाठवा.

मास्कचा खोका बांधून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याकडे अगरबत्तीचा पुडा द्या. काडेपेटी आमच्याकडे आहे, थिनरपासून लांब ठेवलेली.

आपले,
क्रोमच्या टाकीवरचे कामगार,
खैरानी रोड, साकीनाका