टायगर मॉथ नव्हे, जिप्सी मॉथ!

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला आगाखान स्पर्धेवरचा (इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्याने विमान उडवत जाण्याच्या शर्यतीवरचा) लेख वाचला. लेख झकास जमलाय. पण १९३०मध्ये ॲस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा ‘टायगर मॉथ’ विमाने घेऊन निघाले, हे साफ चूक. टायगर मॉथचे पहिले उड्डाणच मुळी २६ ऑक्टोबर १९३१चे. या दोघांकडे होती जिप्सी मॉथ.

छापलेला फोटो मात्र खराखुरा टायगर मॉथचा आहे. मी बाल्सा लाकडाची विमाने करतो, त्यामुळे नजर आधी पंखांवर जाते. जिप्सीचे पंख सरळ, टायगरचे टोकांकडे मागे झुकलेले. पाठीवर पॅराशूट असले की पुढच्या सीटवरच्या माणसाला वरच्या पंखाच्या दांड्यांमधून बाहेर पडणे मुश्कील व्हायचे. म्हणून दांड्या आणि पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. त्याने तोल बिघडला, तो सावरायला पंख मागे झुकवले. दुसरी खूण नाकाशी. जिप्सीच्या इंजिनाचे सिलिंडर उभे, त्यांची डोकी इंजिनावरच्या झाकणातून वर आलेली. टायगरचे इंजिन उलटे बसवलेले, त्यामुळे नाक उतरते आणि समोरचे जरा बरे दिसते. आपल्या फोटोत डोकी कुठे आहेत? (छपाई छान आहे, भिंगाचीही गरज नाही.)

याच चुकीपायी लेखातली गंमत निसटली. इंग्लंडहून निघालेले सतरा वर्षांचे ॲस्पी स्पार्क प्लगसाठी इजिप्तमध्ये अडकले होते. उलट बाजूने, कराचीहून आलेल्या जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. प्रतिस्पर्धी असले तरी विमान एकाच जातीचे, म्हणून तर ते कामी आले! पुढे बक्षीसही ॲस्पींनीच नेले.

जाता जाता आणखी एक. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडींनी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते ‘पस मॉथ’मधून. लेखात तिलाही दुपंखी, म्हणजे एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्यांची, म्हटले आहे. ती एकपंखी, बंद केबिनची.

दुरुस्ती ठळक छापावी, कारण शाळकरी मुले प्रकल्पाच्या वहीत हीच कात्रणे चिकटवतात. टायगर मॉथचा फोटो वाया जाऊ देऊ नका. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचे कितीतरी वैमानिक तिच्यावरच तयार झाले, त्यावर वेगळा लेख येऊ द्या.

– एक जुना एरोमॉडेलर, विश्रांतवाडी, पुणे