ज्ञानाच्या बक्षिसावर लॉटरीचा कर

मा. संपादक,

स.न.वि.वि.

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांना 'सभ्य जुगार' म्हणणारं एका वाचकाचं पत्र आपण नुकतंच छापलंत. 'कौन बनेगा करोडपती'सारख्या कार्यक्रमात माणसं नशीब आजमावायला जातात, चारांतला एक पर्याय निवडणं म्हणजे फासे टाकणंच, असं त्यांचं म्हणणं. त्या वाचकांना कळवायला आनंद वाटतो की देशाचा आयकर कायदा अगदी त्यांच्याच मताचा आहे. माझं भांडण आहे ते तिथेच.

मी अमरावतीत करसल्लागार म्हणून उभी हयात काढली. अशिलांत किराणावाले, संत्र्याचे व्यापारी, निवृत्त मास्तर. टीव्हीवर जिंकलेल्या पैशाचं विवरणपत्र आमच्याकडे क्वचितच येतं, पण आलं की जीव वरखाली होतो. कारण आधीच्या आयकर कायद्यातलं कलम ११५ बीबी. लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते आणि जुगार या सगळ्यांच्या कमाईवर सरसकट ३० टक्के कर. 'केबीसी' ३ जुलै २००० ला सुरू झालं, त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी एक कोटी जिंकले, आणि २००१ च्या वित्त कायद्यानं 'उत्पन्ना'च्या व्याख्येत एक स्पष्टीकरण घुसवलं: पत्त्यांच्या आणि इतर खेळांत टीव्हीवरचे बक्षिसांचे कार्यक्रमही धरावेत. म्हणजे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राज्यघटनेवरच्या प्रश्नाचं उत्तर देणारा तरुण आणि रमी कुटणारा, दोघं एकाच पंगतीला. २०२५ च्या नव्या कायद्यानं कलमांचे आकडे बदलले, दर मात्र ३० टक्केच ठेवला.

सरसकट म्हणजे किती सरसकट, ते बघा. पगारदार माणसाला नव्या करप्रणालीत साडेबारा लाख पगार असेल, तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि वर करसवलत धरून २०२५-२६ या वर्षी त्याचा कर शून्य होतो. हॉट सीटवर साडेबारा लाख जिंकणाऱ्या माणसाला, त्याचं दुसरं काडीचं उत्पन्न नसलं तरी, ४ टक्के उपकरासह ३ लाख ९० हजार भरावे लागतात. करमुक्त मर्यादा त्याला नाही, ८० सीची बचतीवरची वजावट नाही, करसवलत नाही. वर्षभर त्यानं पन्नास रुपये कमावले नसतील, पण या एका रकमेपुरता तो उद्योगपतीच्या दरात बसतो. उद्योगपतीचं मात्र काहीच बिघडत नाही, तो तसाही ३० टक्क्यांतच असतो. हा कर खऱ्या अर्थानं टोचतो तो फक्त गरिबाला.

आणि खर्च? ज्ञानकोश घ्या, रोजची वर्तमानपत्रं घ्या, जिल्ह्याच्या गावी अभ्यासिकेत जागा घ्या, एक रुपया वजा मिळत नाही. कायद्यात याला अपवाद आहे, नाही असं नाही. शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकाला त्या घोड्यांवरचा खर्च बक्षिसातून वजा करता येतो. थोडक्यात, घोड्याच्या चंदीची पावती चालते, पोराच्या पुस्तकाची चालत नाही. हे वाक्य मी अशिलांना ऐकवतो तेव्हा त्यांना वाटतं, वकील गंमत करतोय. (मी वकील नाही, पण विदर्भात आयकराचं काम करणारा प्रत्येक जण वकीलसाहेब असतो.)

आता नशिबाचं बघू. नशीब नसतं असं कोण म्हणतं? लाखोंच्या नोंदणीतून आपल्याला फोन येणं हे नशीबच. कुठला प्रश्न वाट्याला येईल हेही. पण पुढची पायरी काय असते? निवड चाचणीत सामान्यज्ञानाचा पेपर. मग 'फास्टेस्ट फिंगर'मध्ये सोबतच्या स्पर्धकांच्या आधी चार गोष्टींचा क्रम लावायचा, तोही मोजक्या सेकंदांत, कॅमेऱ्यांसमोर. आणि मग खुर्चीवर बसून सगळ्यात अवघड काम: थांबायचं कधी ते ठरवणं. लॉटरीचं तिकीट अर्ध्यावर सोडून पैसे घेऊन घरी जाता येतं का?

माझ्याकडे २०१९ मध्ये जिंकलेला एक तरुण आला होता. मेळघाटाकडच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायचा. म्हणजे तास झाला तर पैसे, उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी बिनपगारी. हिंदी कार्यक्रमात त्यानं ६ लाख ४० हजार जिंकले. साडेबारा लाखांच्या प्रश्नाला त्याला दोन पर्यायांत शंका होती. लाइफलाइन संपलेल्या. चुकला असता तर ३ लाख २० हजारांवर आला असता. "काका, मला साठ टक्के खात्री होती," तो मला म्हणाला, "पण घरावर पतसंस्थेचं कर्ज आहे, जामीनदार मामा आहेत. साठ टक्क्यांवर मामांना कसं टांगू?" म्हणून खेळ सोडला. याला जुगार म्हणायचं असेल तर मग विमा काढणारा प्रत्येक जण जुगारी ठरेल.

तो आला तेव्हा लॉकडाऊन नुकतं सैल झालेलं. सोबत आई, आणि पिशवीत बँकेचं पासबुक, कपातीचं प्रमाणपत्र आणि लांबट जाड वही. वही कशाला आणली विचारलं तर म्हणाला, सवय आहे. पानापानांवर बारीक अक्षरात नोंदी होत्या: नद्यांचे उगम, घटनादुरुस्त्या, कोणत्या देशाचं चलन काय, आणि समासात लाल शाईनं 'पुन्हा बघणे'. हिशेब केला. कंपनीनं ३० टक्क्यांनी १ लाख ९२ हजार कापून ४ लाख ४८ हजार खात्यात टाकले होते. पण मुळातून कापताना उपकर धरत नाहीत. विवरणपत्रात तो लागतो. एकूण कर १ लाख ९९ हजार ६८०, म्हणजे अजून ७ हजार ६८० भरायचे. दहा हजारांच्या आत असल्यानं आगाऊ कराची भानगड नव्हती, म्हणून त्यापोटीचं व्याज वाचलं, इतकंच. त्याच वर्षी तेवढाच पगार कमावणाऱ्याला, एकही वजावट न घेता, ४२ हजार १२० रुपये कर आला असता.

आई मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसली. मी पडद्यावर २६ एएस, म्हणजे कापलेल्या कराचा सरकारी उतारा, उघडून दाखवत होतो, त्यात कलम १९४ बी होतं, लॉटरी आणि शब्दकोड्यांच्या बक्षिसाचं. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आमच्या पोरानं लॉटरी नाही काढली. तुम्ही ते खोडा." आता ते खोडायचं माझ्या हातात कुठे! पोरगं मात्र शांत होतं. त्यानं वही उघडली, 'अर्थ व कर' असं शीर्षक असलेल्या पानावर 'कलम ११५ बीबी, ३० टक्के' लिहून घेतलं. विचारलंच कोणी पुढे, तर असावं.

संपादक महोदय, थोडा दोष आपल्याही व्यवसायाचा आहे. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडेंनी, शाळेत महिन्याला दीड हजारांत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी, २०१९ मध्ये एक कोटी जिंकले, तेव्हा आमच्या जिल्ह्यात कोण आनंद झाला होता! २०२२ मध्ये कोल्हापूरच्या कविता चावला, बारावीपर्यंत शिकलेल्या, त्यांनीही एक कोटी जिंकले. मथळे सगळीकडे एकच: 'करोडपती'. कायद्याचं गणित मात्र असं की एक कोटीवर ३० लाख कर, त्यावर १० टक्के अधिभार ३ लाख, मग ४ टक्के उपकर १ लाख ३२ हजार. एकूण ३४ लाख ३२ हजार. उरतात ६५ लाख ६८ हजार. त्यातही मुळातून कापतात फक्त ३० लाख, म्हणून खात्यावर ७० दिसतात. जिंकणाऱ्याला वाटतं सरकारचं देणं फिटलं. ३१ मार्चपर्यंत उरलेले ४ लाख ३२ हजार भरले नाहीत तर एप्रिलपासून महिन्याला एक टक्का, म्हणजे ४ हजार ३२० रुपये व्याज सुरू. तोवर नातेवाईक येऊन गेलेले असतात. कोणाला ट्रॅक्टरचा हप्ता, कोणाला मुलीचं लग्न. त्यांनी पेपरात एक कोटी वाचलेलं असतं, ६५ लाख कोणीच वाचलेलं नसतं. बिहारमधल्या मोतीहारीच्या सुशील कुमार यांनी २०११ मध्ये पाच कोटी जिंकले, करानंतर हातात साडेतीन कोटींच्या आसपास उरायचे. पुढे दानधर्माच्या नावाखाली आपल्याला कसं लुबाडलं गेलं आणि ती वर्षं किती वाईट गेली, हे त्यांनी स्वतःच २०२० मध्ये समाजमाध्यमावर लिहिलं. त्यांचं सगळं दुखणं काही करामुळे नव्हतं, पण पाच आणि साडेतीन यांतला फरक दारात उभ्या असलेल्या माणसाला कोण समजावणार?

मी करविरोधी नाही. आयुष्यभर कर भरवूनच पोट भरलं. माझं मागणं एवढंच की ज्ञानाच्या स्पर्धेतलं बक्षीस लॉटरीच्या खोलीतून बाहेर काढा आणि उरलेल्या उत्पन्नात मिळवा. मग ज्याच्या त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागू द्या. साडेबारा लाखवाल्याचा भार पुष्कळ हलका होईल. एक कोटीवाल्याला २०२५-२६ च्या टप्प्यांनी सुमारे २९ लाख ५२ हजार भरावेच लागतील, म्हणजे सरकारचं त्याच्यामागे ४ लाख ८० हजारांचं नुकसान. असे विजेते देशात वर्षाला असतात तरी किती? तिजोरीला त्याची झळ लागायची नाही.

कोणी म्हणेल, मग रमीवालेही येतील, आमचंही कौशल्यच. येऊ देत. कौशल्याची स्पर्धा आणि निव्वळ दैवाचा खेळ यांत फरक करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्येच सांगून ठेवलंय, तेही मुंबई राज्यातून निघालेल्या शब्दकोड्यांच्या बक्षिसांच्या वादात. चमारबागवाला खटले म्हणून ते वकिलांना पाठ असतात. ते निकाल आयकराचे नव्हते, व्यवसायस्वातंत्र्याचे होते, हे मान्य. पण जी रेघ न्यायालयाला ओढता आली ती अर्थखात्याला का ओढता येऊ नये? प्रश्नमंजूषेत उत्तर बरोबर की चूक हे सगळ्यांसमोर ठरतं, दैवाला तिथे फारशी जागाच नाही. विदर्भातल्या खासदारांपैकी एकानं जरी अर्थसंकल्पाच्या चर्चेत हा मुद्दा काढला तरी पुष्कळ.

तोवर जे कोणी अशा कार्यक्रमात जाणार आहेत, मग तो हिंदी असो की मराठी, त्यांच्यासाठी कामाचं थोडं. बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की कर मुळातच कापला जातो, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. 'सहज' म्हणजे आयटीआर-१ भरू नका, लॉटरीसदृश उत्पन्न असणाऱ्याला तो चालत नाही, आयटीआर-२ लागतो. तीन लाख जिंका की तीस, खात्यात आलेल्या पैशातला थोडा हिस्सा पुढचं विवरणपत्र भरेपर्यंत मुदत ठेवीत टाका, आणि ती पावती घरात कोणाला दाखवू नका. शंका असेल तर आपल्या गावातल्या करसल्लागाराला विचारा. माझ्याकडे यायचं असेल तर माझा फोन नंबर संपादकांकडे आहे. टीव्हीवर उत्तरं देऊन पैसे मिळवलेल्या माणसाकडून मी फी घेत नाही. शब्दकोडंवाल्यांकडूनही नाही. घोडेवाल्यांकडून मात्र घेतो.

आपला,
एक करसल्लागार
राजापेठ, अमरावती