बेला राजाची आजी सर्बियाची होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हंगेरीचे राजे मूळचे अफगाण’ हा आपल्या रविवारच्या अंकातला मथळा वाचून गप्प बसवले नाही. तीस वर्षे मी शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे.

बातमी हंगेरीच्या तिसऱ्या बेला राजाच्या हाडांवरील संशोधनाची. बेला ११९६ मध्ये वारला. त्याची आणि राणीची कबर १८४८ मध्ये सेकेशफेहेरवारला सापडली. आता दोघेही बुडापेस्टच्या मात्याश चर्चमध्ये आहेत. संशोधकांनी हाडांतून त्याचे वाय गुणसूत्र वाचले. ही पितृरेषा सुमारे ४५०० वर्षांपूर्वी उत्तर अफगाणिस्तानच्या परिसरात होती आणि आज तिचे जवळचे भाऊबंद रशियातल्या उरल पर्वताकडच्या बश्कीर लोकांत सापडतात, असे त्यांनी मांडले. इथपर्यंत बातमी बरोबर आहे.

पण वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाला जाते. दहा पिढ्या मागे गेलो तर पूर्वजांची १०२४ घरे भरावी लागतात, आणि वाय त्यातल्या एकाच घराबद्दल सांगते. बेलाची आई युफ्रोसिना कीव्हची. वडिलांची आई इलोना सर्बियाची. इलोनाची सासूही कीव्हचीच. या तिघींचा बातमीत उल्लेखही नाही, आणि मला सर्वांत जास्त तेच लागले. फळ्यावर वंशावळ काढताना मुले आईची बाजू कोरी सोडत. मी खडू परत त्यांच्याच हातात देत असे.

प्राचीन डीएनए या बायकांना शोधू शकतो. हंगेरीतल्या आवार या मध्ययुगीन भटक्या लोकांच्या चार दफनभूमींतील ४२४ जणांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका घराण्याच्या तब्बल नऊ पिढ्या जुळल्या. पुरुष आपापल्या वस्तीतच राहिले होते, बायका बाहेरून आल्या होत्या. दूरदूरच्या वस्त्यांमधले नाते त्यांच्यामुळेच होते.

आणि भाषा? मग्यार, म्हणजे हंगेरियन, भाषेच्या सख्ख्या म्हणाव्यात अशा खांती आणि मान्सी उरलच्या पलीकडे बोलल्या जातात. आजच्या हंगेरियन माणसाचा डीएनए मात्र बराचसा शेजारच्या युरोपीयांसारखाच आहे. ८९५च्या सुमारास आलेल्या मग्यारांची भाषा टिकली. माणसे आधीच्या वस्तीत मिसळून गेली. ‘मूळचे अफगाण’ या दोन शब्दांत यातले काहीच मावत नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर बेलाची वंशावळही द्यावी, दोन्ही बाजूंची.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका