मॉड्यूल ठरवण्याआधी

पुणे,
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नोकरी सोडून स्वतंत्रपणे सॅपची, म्हणजे कारखान्यांची खरेदी, साठा आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, सल्लागारी करण्याचा तुझा निर्णय पक्का झालेला दिसतो, म्हणून त्याविषयी काही लिहीत नाही. तू विचारले आहेस ते एवढेच, की एमएम हे खरेदी आणि साठ्याचे मॉड्यूल (सॅपचा एक विभाग) सोडून फायनान्स शिकावे की क्लाउडमधले एखादे नवे उत्पादन धरावे, कारण मागणी तिकडे आहे असे तुला जो तो सांगतो. माझे मत असे आहे की तू मॉड्यूल बदलूच नकोस. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे जॉबवर्क, म्हणजे आपल्या मालावर बाहेरच्याकडून प्रक्रिया करून घेणे, हा एकच विषय घे आणि तो तळापर्यंत जाणून घे.

हा विषय तुला लहान वाटेल, पण त्यात काय काय अडकलेले असते ते पाहा. चाकणच्या एखाद्या कारखान्यातून सुटे भाग प्लेटिंगसाठी (धातूचा मुलामा देण्यासाठी) भोसरीला जातात, तेव्हा सॅपमधल्या ५४१ क्रमांकाच्या नोंदीने ते पुरवठादाराकडचा साठा म्हणून दिसू लागतात, मात्र मालकी आणि किंमत आपल्याच हिशेबात राहते. तयार माल परत आला की १०१ ची नोंद होते आणि तिच्याबरोबर ५४३ ने कच्चा माल खर्ची पडतो, तोही बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला किती माल लागतो त्या यादीत, लिहिलेल्या प्रमाणात. प्रत्यक्षात प्लेटिंगवाल्याकडे काही नग खराब होतात, काही दुसऱ्या चलनावर (मालासोबतच्या कागदावर) परत येतात, आणि मार्चअखेरीस आपला साठा व त्याचा साठा जुळत नाही. खरेदी विभाग स्टोअरकडे बोट दाखवतो, स्टोअर लेखा विभागाकडे. त्यातच केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असे धरले जाते आणि कर व्याजासह भरावा लागतो. म्हणजे परत आलेला प्रत्येक नग कोणत्या चलनावरचा आहे हे सांगता आले पाहिजे, आयटीसी-०४ या जीएसटीच्या विवरणात तसे दाखवता आले पाहिजे, आणि ५४३ ची नोंद आपणहून ते सांगत नाही. ही अडचण एमएमची म्हणावी, फायनान्सची म्हणावी की कराची? मॉड्यूलची विभागणी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आपल्या सोयीसाठी केली आहे, कारखान्यातल्या अडचणी त्या विभागणीप्रमाणे येत नाहीत.

तुलाच हे सुचवण्याचे कारणही सांगतो. सॅपमध्ये येण्याआधी तू सहा वर्षे फोर्जिंगच्या कारखान्यात होतास. फ्लॅशमध्ये, म्हणजे साच्याबाहेर येणाऱ्या जादा धातूत, किती लोखंड जाते, वजनावर गेलेला माल नगावर परत आला की हिशेब कुठे चुकतो, हे तू वजनकाट्यापाशी उभा राहून शिकला आहेस. गेल्या चार वर्षांत असा प्रश्न माझ्यापुढे आला, तेव्हा तेव्हा मी तुलाच फोन केला आहे, हे तुझ्या ध्यानात आले आहे का? लोक आधीपासूनच ज्यासाठी आपल्याला फोन करतात ते ओळखायला मला स्वतःच्या बाबतीत फार उशीर लागला, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

मी २०१९ मध्ये नोकरीतून बाहेर पडलो तेव्हा येईल ते काम घेत होतो. त्या भरात एका कारखान्याच्या पगारपत्रकाचे काम घेतले, जे मला येत नव्हते. तीन महिने कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची कपात चुकत राहिली, आणि तिथल्या अधिकाऱ्याला माझ्या चुकीचा खुलासा कामगारांपुढे उभे राहून करावा लागला. मी मानधन परत केले, पण ती सल अजून गेलेली नाही. पुढे साठ्याचे मूल्य आणि उत्पादनखर्च यांचा मेळ घालण्याचे एक काम जमले, त्या गृहस्थांनी आणखी दोघांना माझे नाव सांगितले, आणि त्या दोघांपैकी कोणीही माझे मॉड्यूल विचारले नाही.

जुन्या सॅपवरून नव्यावर स्थलांतर करण्याच्या कामांना आज मागणी आहे, हे खरे. ईसीसी या जुन्या सॅपच्या शेवटच्या आवृत्त्यांना कंपनीकडून मिळणारा नियमित आधार २०२७ अखेर संपतो, जास्तीचे पैसे भरले तर तो २०३० पर्यंत मिळतो, म्हणून सगळ्यांची एस/४हाना या नव्या सॅपकडे जाण्याची घाई चालली आहे. त्या मागणीला शेवटची तारीख आहे, जॉबवर्क मात्र दोन्हीकडे राहणार. तरीही एस/४हाना तुला शिकावेच लागेल, कारण तिथे पुरवठादार बिझनेस पार्टनर (ग्राहक-पुरवठादारांची सामाईक नोंद) म्हणून येतो, मटेरियल लेजर (मालाच्या मूल्याची खातेवही) सक्तीचे आहे आणि मालाच्या नोंदी मॅटडॉक या एकाच तक्त्यात जातात.

एक व्यवहाराची गोष्ट. मोठ्या कंपन्यांमार्फत काम घेताना निवड करणारे मॉड्यूलच्या नावानेच अर्ज चाळतात, तेव्हा अर्जावर एमएम ठळक राहू दे आणि जॉबवर्क त्याखाली लिही. सहा महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज आधी करून ठेव. एक शंका मात्र मलाही आहे: विजेवर चालणाऱ्या गाड्यांना क्रँकशाफ्ट लागत नाही, त्यामुळे केवळ इंजिनाचे भाग बनवणाऱ्यांवर विसंबू नकोस, ब्रेक आणि सस्पेन्शनवालेही धर.

राजीनामा देण्याआधी तुझ्या जुन्या ओळखीच्या तीन कारखान्यांत जाऊन ये, ३१ मार्चला पुरवठादारांकडचा साठा ते कसा जुळवतात एवढेच विचार, आणि जे कळेल ते लिहून काढ. माझ्याकडे सध्या असे एक काम आले आहे, ते मी तुझ्यासाठी थांबवून ठेवले आहे. तुझे टिपण घेऊन ये, आपण दोघे मिळून त्यांना भेटू.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
स्नेहांकित मित्र