अठरा पूर्ण झालेल्या सहा मुलींसाठी नाशकात एक घर हवं आहे

सप्रेम नमस्कार,

बालगृहात वाढलेल्या मुलीला अठरावं वर्ष पूर्ण झालं की तिचं नाव तिथल्या पटावरून निघतं. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालचं ते बालक, आणि बालगृह फक्त बालकांसाठी. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर असो की आयटीआयचं एक वर्ष बाकी असो, वाढदिवस थांबत नाही. त्याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये पुढच्या तीन वर्षांच्या, म्हणजे एकवीस पूर्ण होईपर्यंतच्या आधाराची तरतूद आहे. सरकारी भाषेत तिला अनुरक्षण म्हणतात. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत घर कसं असावं हेसुद्धा दिलं आहे: सहा ते आठ जणांनी मिळून राहायचं, ठरावीक मुदतीसाठी, आणि तिथून स्वतःच्या जागेत जायचं. अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत आणखी दोन वर्षं वाढवता येते.

नियम चांगला आहे, घरं मात्र फार थोडी आहेत. मुलग्यांसाठी असं एक घर आमची संस्था चालवते. येत्या १ जूनपासून सहा मुलींसाठी दुसरं घर सुरू करायचं आहे. त्यासाठी हे आवाहन. खालचे सगळे आकडे चालू घराच्या वह्यांवरून मांडलेले आहेत.

सगळ्यात आधी जागा. पैसे उशिरा का होईना जमतात, पण घरमालक मिळत नाही. ‘आईवडील कुठे असतात?’ या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की बोलणं तिथेच संपतं. म्हणून नाशिककरांना आमची पहिली विनंती पैशांची नाही. सातपूर, अंबड, सिडको किंवा इंदिरानगर भागात तुमचा किंवा ओळखीतला दोन बेडरूमचा फ्लॅट असेल तर तो भाड्याने द्या. हेच भाग का, तर सातपूरची आयटीआय आणि दोन्ही औद्योगिक वसाहती जवळ पडतात. दुसऱ्या पाळीतून रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलीला रिक्षात एकटीने अर्धा तास काढावा लागू नये. बसथांबा पायी दहा मिनिटांत असावा, इमारतीच्या दाराशी दिवा असावा, आणि स्नानगृहं शक्यतो दोन असावीत. सहा जणींना सकाळी सातच्या आत आवरायचं असतं, तिथे एकच स्नानगृह असलं की रोजची भांडणं ठरलेली.

करार संस्थेच्या नावावर होईल, रीतसर नोंदणी करून. भाडं थकलं तर जबाबदारी संस्थेची, पोलिसांना भाडेकरूंची माहिती देण्याचं कामही आमचंच. एकच आग्रह आहे: करार अकरा महिन्यांचा नको, बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा करा. जूनला केलेला अकरा महिन्यांचा करार एप्रिलअखेर संपतो. म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत सहा मुलींनी सामान बांधायचं. आमच्या मुलग्यांचं घर याच कारणाने एकदा मोडता मोडता राहिलं.

आता खर्च. सहा जणींच्या घराचा महिन्याचा हिशेब असा: भाडं १४,००० रुपये, मेंटेनन्स १,०००, वीज १,५००, दोन सिलिंडर १,८००, किराणा-भाजी-दूध माणशी २,५०० म्हणजे १५,०००, बसपास आणि रिक्षा माणशी ८०० म्हणजे ४,८००, वायफाय ७०० आणि समन्वयक ताईंचं मानधन ९,०००. एकूण ४७,८००, म्हणजे एका मुलीमागे आठ हजारांच्या जरा आत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून अनुरक्षणासाठी माणशी दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. सहाही जणींचे आदेश मंजूर झाले तरी निम्मा खर्च उरतोच, शिवाय मंजुरी आणि रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा होणं यांत काही महिने जातात. भाडं मात्र पाच तारखेलाच द्यावं लागतं.

म्हणून आम्हाला दोन प्रकारचा निधी हवा आहे. घर उभं करायला एकदाच लागणारे १,८०,०००: अनामत ५०,०००, सहा खाटा गाद्यांसह ४२,०००, सहा लोखंडी कपाटं ३९,०००, फ्रिज १८,०००, गॅसजोडणी आणि स्वयंपाकाची भांडी १६,०००, पंखे, दिवे, पडदे आणि पाण्याचा फिल्टर मिळून १५,०००. त्याशिवाय तीन महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी, म्हणजे १,४३,४००. ही गंगाजळी हातात आल्याशिवाय आम्ही घर उघडणार नाही. अर्ध्यावर बंद पडलेलं घर हा त्या मुलींना दुसऱ्यांदा बसलेला धक्का असतो, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त लागतो. पुढे दरमहा भरून काढायची तूट साधारण २४,००० रुपयांची आहे. दरमहा ५०० रुपये न चुकता देणारी ४८ माणसं मिळाली की ती भागते. एकरकमी पन्नास हजारांपेक्षा आम्हाला ही ४८ माणसं अधिक मोलाची आहेत.

कपाटांवर इतका खर्च कशाला, असं वाटेल. प्रत्येकीला स्वतःच्या कुलुपाचं कपाट हवंच. बालगृहात सगळं सामाईक असतं, अगदी टॉवेलसुद्धा कधी कधी. मूळ प्रमाणपत्रं, पहिला पगार, एखादा जुना फोटो ठेवायला बंद होणारी जागा नसली की वस्तू हरवतात, संशय येतो आणि घर फुटतं.

पण खरं काम घर मिळाल्यावर सुरू होतं, आणि त्यात पैशांपेक्षा माणसं लागतात. सगळ्यात चिवट काम कागदपत्रांचं. एकाच मुलीची जन्मतारीख शाळेत एक आणि आधारवर दुसरी, हे नेहमीचं. कायद्यात वयाच्या पुराव्यासाठी आधी शाळेचा किंवा दहावीच्या बोर्डाचा दाखला, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. म्हणून दुरुस्ती शाळेच्या नोंदीपासून सुरू करायची, मग आधार, मग पॅन आणि बँक. उलटं केलं तर फसगत होते, कारण आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. घाईत चुकीची तारीख पडली की पुढची दोन वर्षं त्यातच जातात.

दुसरी अडचण मोबाइल क्रमांकाची. लहानपणी काढलेल्या आधारला बालगृहातल्या तेव्हाच्या कर्मचाऱ्याचा क्रमांक जोडलेला असतो. तो माणूस बदली होऊन गेला, क्रमांक बंद पडला, आणि ओटीपी कुणाकडेच येत नाही. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यायचे राहिले असतील तर आणखी पंचाईत. तिसरी अडचण बँकेची. अल्पवयीन असताना बालगृहाच्या अधीक्षकांच्या सहीने उघडलेलं खातं अठराव्या वर्षी नव्या केवायसीशिवाय अडकून पडतं. शिवाय शिष्यवृत्ती जमा होते ती आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि ते पुष्कळदा शाळेत काढलेलं, पासबुक हरवलेलं खातं निघतं. ‘पैसे आलेच नाहीत’ अशा तक्रारींतले बरेच पैसे तिथे सापडतात.

अनाथ प्रमाणपत्राचंही तसंच. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राशिवाय त्याचा उपयोग नाही. त्याचा प्रस्ताव जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयामार्फत जातो. मुलगी बालगृहात असतानाच, सोळाव्या-सतराव्या वर्षी तो टाकला तर जुनी फाइल हाताशी असते. बाहेर पडल्यावर तीच फाइल शोधायला महिने लागतात. बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात, हेही सांगायला हवं. अनेकींची आई किंवा वडील हयात असतात पण सांभाळू शकत नाहीत. त्यांना हे प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी फी-सवलतीचे आणि शिष्यवृत्तीचे वेगळे मार्ग शोधावे लागतात.

या कामासाठी तहसील, बँक, शाळा किंवा पोस्टातून निवृत्त झालेली चार माणसं हवी आहेत. आठवड्याला चार तास, किमान वर्षभर. एका कार्यकर्त्याकडे दोनच मुली. सरकारी कार्यालयात कुठल्या टेबलावर काय विचारायचं हे ज्यांना तीस वर्षांच्या सवयीने कळतं, त्यांची एक सकाळ आमच्या आठवड्याचं काम करते.

ज्यांना कागदांत रस नाही त्यांच्यासाठी दुसरी कामं आहेत. महाविद्यालयाची वसतिगृहं दिवाळीत बंद होतात. सगळ्या मैत्रिणी गावी जातात आणि बालगृहातून वसतिगृहात आलेल्या मुलींना जायला गावच नसतं. त्या दहा-बारा दिवसांत एका मुलीला घरी राहायला नेणारी कुटुंबं हवी आहेत. आधी तीन-चार वेळा भेटीगाठी होतील, आम्ही तुमच्या घरी येऊन जाऊ, आणि मुलीने होकार दिला तरच पुढचं ठरेल. तिला चकली सोऱ्याने पाडायला बसवा, बाजारात सोबत न्या, पाहुणीसारखं सोफ्यावर बसवून ठेवू नका. तसंच, रात्री-अपरात्री दवाखान्यात दाखल करताना नातेवाईक म्हणून कुणाची सही घ्यायची, हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी फोन उचलून येणाऱ्या, त्याच भागात राहणाऱ्या तीन ताई-काकू हव्या आहेत.

कारखानदार आणि दुकानदारांना विनंती: नोकरी द्या, पण पहिल्या दोन महिन्यांत एखादी मुलगी न सांगता गैरहजर राहिली तर लगेच काढू नका, आम्हाला कळवा. घंटेवर उठणं, घंटेवर जेवणं अशा शिस्तीत वाढलेल्या मुलीला रजा मागायची असते हेच माहीत नसतं. पगार रोख न देता तिच्या खात्यात द्या, आणि पहिल्या पगाराची तारीख आम्हाला सांगा. पहिला पगार बहुधा आठवड्यात संपतो: हप्त्यावर फोन, ‘मैत्रिणीला’ उसने, मोबाइल ॲपवरचं कर्ज. म्हणून घरात नियम असा आहे की नोकरी लागल्यावर पहिले तीन महिने घरखर्चाला काही द्यायचं नाही, फक्त आवर्त ठेव सुरू करायची. चौथ्या महिन्यापासून १,०००, मग हळूहळू वाढवत ४,००० पर्यंत. घर सोडताना हातात स्वतःच्या भाड्याच्या जागेच्या अनामतीइतकी रक्कम हवी, हे उद्दिष्ट.

काय नको तेही सांगतो. जुने कपडे नकोत. वाढदिवसाची आणि पितृपक्षातली जेवणं नकोत, त्या दिवशीचा किराणा भरा. फोटो मिळणार नाहीत. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि अठरा ओलांडलेल्या मुलीलाही आपला भूतकाळ कुणाच्या मोबाइलवर फिरायला नको असतो. ‘मुलासाठी एखादी मुलगी बघा’ असे फोन आम्हाला दर महिन्याला येतात. कृपया करू नका. हे विवाहमंडळ नाही.

मुळातच काही मुलांना बालगृहात वाढावं लागू नये असं वाटणाऱ्या कुटुंबांनी फॉस्टर केअरचा, म्हणजे मूल दत्तक न घेता आपल्या घरी सांभाळण्याचा, विचार करावा. सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि भावंडांच्या जोड्यांसाठी घरं फार कमी मिळतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष घरभेट करून अहवाल देतो, निर्णय बाल कल्याण समितीचा. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं, मात्र एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा दिला जातो. मूल दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मोकळं असेल तर दोन वर्षांच्या सांभाळानंतर तेच कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकतं, पूर्वी पाच वर्षं लागत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूल उशीखाली पोळी लपवतं, खोटं बोलतं, मुद्दाम चिडवतं. तुम्ही त्याला परत पाठवता का हे ते तपासत असतं. त्या टप्प्यावर आम्हाला बोलवा, मूल परत करू नका. ‘ओळखीत एखादं बाळ’ मात्र कुणाकडेच मागू नका: दत्तकाची नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या (कारा) संकेतस्थळावरच होते, आणि ठरलेली पद्धत डावलून मूल देणं-घेणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

देणगीबाबत दोन गोष्टी. पावती लगेच मिळेल, पण जुन्या करप्रणालीत देणगीवरची आयकर सवलत (८०जी) हवी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका. संस्थेकडे परदेशी देणग्यांसाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. त्यामुळे परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले मराठी बांधव आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून, ओसीआय कार्ड असलं तरी, आम्हाला रक्कम घेता येत नाही. त्यांनी नाशकातल्या भावंडांना फ्लॅटबद्दल विचारलं तरी मोठं काम होईल.

जागा १५ मेपर्यंत ठरली तर खिडक्यांच्या जाळ्या, रंग आणि गॅसजोडणी पंधरा दिवसांत उरकते. सहापैकी दोघींना जूनमध्येच बालगृह सोडावं लागणार आहे.