आधी एक कुलूपबंद खोली द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : भांगेच्या झाडावर बंदिस्त जागेत संशोधनाची परवानगी मिळण्याबाबत

सविनय नमस्कार.

माझी नोकरी तुरीच्या वाणांत गेली. या वयात गांजाचं पत्र लिहितोय म्हणून घरच्यांनी कपाळाला हात लावला आहे. पण मला गांजा पिकवायचा नाही.

२०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावू द्या, असा अर्ज सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. लोक हसले. त्याच वर्षाच्या शेवटी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. म्हणजे बी खायला चालतं, ते देणारं झाड मात्र आमच्या शेतकऱ्याने लावायचं नाही.

१९८५ चा अमली पदार्थ कायदा झाडात नशा किती हे बघतच नाही. कॅनाबिस (भांग-गांजा) वंशातलं झाड दिसलं की गुन्हा, कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मात्र त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये लागवडीला परवाना द्यायचा अधिकार राज्याला आहे, आणि कलम १४ मध्ये धागा व बियांसाठी वाट ठेवली आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये परवाने सुरू केले. तिथे नशेच्या घटकाची, टीएचसीची, मर्यादा ०.३ टक्के आहे.

आता अडचण, जी परवाना मागणाऱ्या उत्साही मंडळींना कुणी सांगत नाही. युरोपातलं धाग्याच्या भांगेचं बियाणं तिकडच्या सोळा तासांच्या उन्हाळी दिवसावर पोसलेलं. आपल्याकडे जूनमध्येही दिवस साडेतेरा तासांपलीकडे जात नाही. जुनी तूर दिवस लहान झाल्यावरच फुलायची, शेवंतीवाले रात्री दिवे लावून फूल लांबवतात, तीच गत इथे. ते झाड आपल्या रानात गुडघ्याएवढं असतानाच फुलोऱ्यात येईल. धागा कशाचा काढणार?

यावर उपाय आहे तो दिवसाच्या लांबीची पर्वा न करणाऱ्या जातींचा. रशियाकडची रुडेरालिस ही रानटी भांग वयावर फुलते. तीन-चार आठवड्यांत कळी, अडीच-तीन महिन्यांत पीक. फिनलंडची फिनोला ही बियांसाठीची बुटकी जात याच वळणाची. धाग्याला ती उपयोगाची नाही, बियांना आहे. खोलीत दिव्याखाली अठरा तास उजेड देऊन वर्षात तीन पिढ्या सहज निघतात. वाण पैदास करणाऱ्याला याहून काय हवं!

असंच वयावर फुलणारं बियाणं शहरातली पोरंही फ्लॅटच्या कपाटात दिव्याखाली लावतात. माझ्या ओळखीतल्या एकाला वाटत होतं, एका रोपाला कोण विचारतं. कायदा विचारतो. वयावर फुलणं आणि नशा कमी असणं हे दोन वेगळे गुण आहेत. असल्या हौशी बियाण्यात नशा भरपूर असते. ‘लवकर येणारं’ म्हणून तेच बी उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारलं, तर तुळशीत भांग नव्हे, भांगेत गांजा उगवेल आणि तुरुंगात शेतकरी जाईल.

म्हणून थेट शेतकऱ्यांना परवाने देऊ नका, ही माझी विनंती. राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी एका विद्यापीठाला एक कुलूपबंद, दिव्यांची खोली आणि त्यासोबत टीएचसी मोजायची प्रयोगशाळा द्या. परागकण बाहेर जाणार नाहीत, रोपं मोजलेली राहतील, आणि हवं तर उत्पादन शुल्क खात्याचा माणूस दाराशी बसवा. जानेवारी २०२५ मध्ये हिमाचलच्या मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी या विद्यापीठांकडेच प्राथमिक अभ्यास सोपवला आहे. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेतही औषधासाठी हे पीक राखणीत घेतलं जातं.

मोजायचं एवढंच : आपल्या उन्हात, आपल्या पाण्यावर हे झाड ०.३ च्या आत राहतं का आणि एकरी बी किती देतं. उत्तर ‘नाही’ आलं तर मीच पहिला म्हणेन, विषय बंद करा.

आणखी एक. या पिकाला ताग किंवा अंबाडी म्हणू नये, अशी सूचना खात्याला द्यावी. ती वेगळी झाडं आहेत, आणि या घोळात एखाद्या तागवाल्याच्या बांधावर पोलीस यायचे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वाण-पैदासकार