चामड्याची कात्रणं शेकोटीत जाळू नका

संपादक महोदय,

जुन्या नाशकात माझं चपला-बॅगा शिवण्याचं दुकान आहे. थंडी पडली की आमच्या भागात सकाळी शेकोट्या पेटतात. त्यात पुठ्ठे, रेक्झीन आणि आमच्याच दुकानांतली चामड्याची कात्रणं पडतात. लोक वासाची तक्रार करतात, पण वासापेक्षा मोठा धोका न दिसणारा आहे.

बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमवर कमावलेलं, म्हणजे कातडं कुजू नये म्हणून क्रोमियमच्या क्षारांत मुरवलेलं असतं. चामड्यातलं क्रोमियम एरवी फारसं अपायकारक नसतं. मात्र चामडं हवेत जाळलं की त्यातल्या क्रोमियमच्या काही भागाचं क्रोमियम-६ हे विषारी रूप होतं, आणि ते कर्करोगाला कारण ठरतं. शेकोटीभोवती लहान मुलंही हात शेकत बसलेली असतात, हे मला बघवत नाही. राख गटारात लोटली जाते आणि पावसाबरोबर गोदावरीकडे निघते.

हे तुकडे कमी मोलाचे नाहीत. मीठ लावलेल्या एक टन कातड्यातून हाती येतं जेमतेम २०० ते २५० किलो चामडं. नेहमीच्या पद्धतीत वापरलेल्या क्रोमपैकी जवळपास तिसरा हिस्सा कातडं शोषत नाही, तो सांडपाण्यात जातो. चुना, सल्फाइड आणि मीठ वेगळंच. टॅनरींच्या, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या, सांडपाण्याने कानपूरच्या जाजमऊत गंगेचं आणि तमिळनाडूत पालार नदीचं काय झालं, ते देशाने पाहिलं आहे. पालारच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची’ हे तत्त्व मान्य केलं. प्रयागच्या २०१९च्या कुंभासाठी कानपूरच्या टॅनरी तीन महिने बंद ठेवल्या, पण कुंभ संपल्यावर नदीचं काय? खरा उपाय कारखान्याच्या आतच आहे. उरलेलं क्रोम वेगळं काढून पुन्हा वापरता येतं. केस काढायला सल्फाइडऐवजी एन्झाइम चालतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने तर पाण्याशिवाय क्रोम मुरवण्याची पद्धतही काढली आहे.

नदीने एवढं सोसल्यावर जे चामडं माझ्या रापीखाली येतं, त्याचा तुकडाही जाळायचा नाही, असं मला वाटतं. मोठ्या तुकड्यांची किल्ल्यांची पाकिटं, ठिगळं, वॉशर होतात. बारीक कात्रणं लेदर बोर्डासाठी, म्हणजे चामड्याचा चुरा दाबून केलेल्या पुठ्ठ्यासाठी, जाऊ शकतात. ओल्या कचऱ्यात मात्र ती नकोतच. क्रोमचं चामडं सहजी कुजत नाही आणि खतात क्रोम उतरतं. घंटागाडीने आठवड्यातून एकदा आमच्या गल्ल्यांतून चामड्याची पोती वेगळी उचलावीत, ही महापालिकेला विनंती. पोती बांधून ठेवायची जबाबदारी आम्ही कारागीर घेऊ. सिंहस्थाच्या तयारीत एवढं काम सहज बसेल.

पूर्वी ढोर समाजातली मंडळी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमवत, आम्ही चांभार ते शिवत असू. त्याला कित्येक आठवडे लागत. क्रोमने तेच काम एखाद्या दिवसात होतं. त्यामुळे सालीचं चामडं महाग पडणार, हे कबूल. सगळा माल त्यात करा, असं मी म्हणत नाही. पण कोल्हापुरीसारखी चप्पल करायला मला ते हवं असतं आणि थोड्या प्रमाणात मिळत नाही. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने ते लहान कारागिरांना चार-पाच नगांच्या हिशेबाने द्यावं. आणि व्यापाऱ्यांनी बिलावर एवढं लिहावं: चामडं क्रोमचं की सालीचं.

– एक चर्मकार, जुने नाशिक